ट्रॅव्हल ट्रेलरमधल्या पाण्याच्या पंपाचा आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे २४ फुटी, सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर आहे. राहतो डेन्व्हरजवळ. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा तरी डोंगरात, नाहीतर युटाच्या वाळवंटात मुक्काम असतो. पहिल्या वर्षी रात्री कुणी नळ सोडला की सगळेच जागे व्हायचे. दुसऱ्या वर्षी सांगलीहून आई-बाबा आले. बाबांचं आयुष्य किर्लोस्करवाडीला पंपांत गेलेलं. त्यांना तो आवाज ऐकवेना आणि मला त्यांची त्यावरची टीका. शेवटी दोन शनिवार-रविवार घालवून आम्ही त्याचा बंदोबस्त केला. तेव्हापासून ओळखीत ज्यांनी ज्यांनी ट्रेलर घेतला, त्यांचे तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

पंप तर एवढासा, मग आवाज एवढा का?

बहुतेक ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालणारा डायफ्रॅम पंप असतो. शुरफ्लो, फ्लोजेट, सीफ्लो अशी नावं वेगळी, पोटातली यंत्रणा साधारण तीच. मोटर एक तिरकी चकती डुलवते, ती चकती तीन-चार रबरी पडदे आळीपाळीने दाबते आणि पाणी धक्क्याधक्क्याने पुढे जातं. आमचा पंप मिनिटाला ३ गॅलन, म्हणजे साधारण ११ लिटर पाणी देतो. दाब ५५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) पोचला की स्वतःहून थांबतो, ४०च्या आसपास उतरला की पुन्हा सुरू होतो. धक्के देत चालणं हा त्याचा स्वभावच आहे, तो बदलता येत नाही.

पण हाच पंप तळहातावर धरून चालवून बघा, नुसता गुणगुणतो. पातळ प्लायवूडवर चार स्क्रूंनी करकचून आवळला की तो गडगडायला लागतो. तबल्यावर बोट पडतं तेव्हा वाजतो तबला, बोट नव्हे. ट्रेलरचा तळ, त्याखालची पोकळी, पलंगाखालचा रिकामा कप्पा हा सगळा डग्गा आहे आणि पंप म्हणजे फक्त बोटं. त्यात पाण्याचे पाईप पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे, बऱ्यापैकी ताठ. पंपाची थरथर ते जशीच्या तशी स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आणि बाथरूमपर्यंत पोचवतात, आणि वाटेत जिथे लाकडाला टेकतात तिथे टकटक वाजतात.

म्हणून खाली जे काही लिहिलंय त्याचा रोख एकच आहे. पंपाला गप्प करायच्या मागे लागू नका, त्याला ट्रेलरपासून वेगळा करा.

आवाज नेमका कुठून येतोय हे कसं ओळखायचं?

काहीही विकत घेण्याआधी हे करा. अर्धा तास लागतो, खर्च शून्य.

आधी पंप शोधा. आमचा पलंगाखाली होता. काहींचा जेवणाच्या टेबलाच्या बाकाखाली, काहींचा बाहेरून उघडणाऱ्या सामानाच्या कप्प्यात पॅनेलच्या आड असतो. एकाला नळ सोडून उभं करा आणि तुम्ही पंपापासून पाईपवर हात ठेवत ठेवत पुढे जा. जिथे हाताला थरथर लागते आणि पाईप दाबून धरल्यावर आवाज बदलतो, तिथे खडूने खूण करा. आमच्या ट्रेलरमध्ये अशा सात खुणा झाल्या. त्यातली सगळ्यात मोठी पंपापासून नऊ फुटांवर होती, बेसिनखाली पाईप जिथून लाकडाच्या भोकातून जात होता तिथे. आम्ही वर्षभर पंपाला शिव्या देत होतो आणि अर्धा आवाज त्या भोकाचा होता.

मग पंपाचे चारही स्क्रू काढा. पाईप आणि वायर जोडलेल्याच राहू द्या, फक्त त्यांना ओढ बसू देऊ नका. पंप बोटभर उचलून हातात धरा आणि कुणाला तरी नळ सोडायला सांगा. आवाज एकदम पडला तर गुन्हेगार तळ आहे. फारसा फरक पडला नाही तर पाईप. दोन्ही असतील तर थोडा उतरतो, थोडा राहतो. बहुतेकांचं हेच निघतं.

बाबांनी आणखी एक केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले. जुन्या फिटर लोकांचा हा स्टेथोस्कोप. आतून खडखड आली तर बेअरिंग नाहीतर झडप गेलेली, सलग घरघर असेल तर पंप निरोगी. दोन मिनिटांनी म्हणाले, "पंप बरा आहे गं. बसवणारा बरा नव्हता."

आवाज अचानक वाढलाय किंवा बदललाय. हे नेहमीचंच का?

नाही. पहिल्या दिवसापासून मोठा असलेला आवाज हा बसवण्याचा दोष असतो. काल नव्हता आणि आज आला, तर तो निरोप समजा.

कडकड, फडफड असा आवाज आणि नळातून फुसफुसत पाणी आलं तर पंप हवा ओढतोय. टाकी तळाला गेलीय का ते आधी बघा. टाकीत पाणी असेल तर टाकी ते पंप एवढ्या भागात कुठेतरी सांधा ढिला आहे. इथे एक गंमत आहे: ही ओढणारी बाजू असल्याने फट असली तरी पाणी टपकत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे ओल शोधत बसलात तर सापडणार नाही. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची छोटी गाळणी असते. पंप चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसले की समजायचं. झाकणाची रबरी रिंग सुकलेली असणं हे नेहमीचं कारण. दुसरं म्हणजे हिवाळ्यात अँटिफ्रीझ (पाईप गोठू नयेत म्हणून भरायचा द्रव) ओढण्यासाठी असलेली तोटी नीट बंद नसणं.

घरघर जड, दमल्यासारखी झाली आणि धारही कमी झाली तर गाळणी काढून धुवा. नवीन ट्रेलरमध्ये तर पहिल्या महिन्यातच धुवा, कारण टाकीला भोकं पाडतानाचा प्लॅस्टिकचा कीस आतच राहिलेला असतो. आमचा ट्रेलर सेकंडहँड, तरी चिमूटभर पांढरा कीस निघाला.

आवाज मंद आणि खर्जातला झाला असेल तर बॅटरी बघा. पंपाला चालताना ७ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. बॅटरी उतरली की पहिली तक्रार तोच करतो.

नळ सगळे बंद, तरी रात्री मधूनच दोन सेकंद "घुर्र" होतं. का?

कुठेतरी दाब उतरतोय. कमोडची पाण्याची झडप बघा. भांड्यात रात्रभर हळूहळू पाणी साचत असेल तर तीच. मग गिझरची सेफ्टी झडप, मग बाहेरच्या शॉवरचा नळ, जो सगळे विसरतात. बाहेर कुठेच थेंब नसेल तर पंपाच्या आतली एकतर्फी झडप गळतेय आणि पाणी उलटं टाकीत जातंय. याची खात्री करायला सोपी खूण आहे. कॅम्पग्राउंडच्या नळाला होज जोडलेला असताना, पंप बंद असून आणि तुम्ही न भरता टाकीची पातळी वाढत असेल तर झडप गेली. बऱ्याच पंपांचा पुढचा भाग सुटा मिळतो, पूर्ण पंप टाकायची गरज नसते.

तोवर झोपताना पंपाचा स्विच बंद करा. खरं तर गळती नसली तरी करा. रात्री एखादा सांधा सुटला तर पंप अख्खी टाकी ट्रेलरमध्ये ओतेल.

पंपाखाली काय घालावं?

पंपाला चार रबरी पाय मूळचेच असतात. ते कामाचे असतात, पण कारखान्यात स्क्रू इतके आवळतात की रबराची पार चकती होते. दबलेलं रबर आणि लाकूड यात फरक राहत नाही. आमच्या ट्रेलरच्या कारखान्यात तर एक स्क्रू तिरका घुसवून पाय फाडूनच टाकला होता. तेव्हा पहिला उपाय म्हणजे स्क्रू सैल करा. रबराला डोकं टेकेल, रबर फुगणार नाही, एवढेच. कित्येकांचं काम इथेच होतं, आणि याला फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो.

याहून पुढे जायचं असेल तर तरंगती बैठक करा. तत्त्व असं: पंपाखाली काहीतरी जड, आणि त्या जड वस्तूखाली काहीतरी मऊ. नुसता मऊ पॅड घातला तर पंप त्याच्यावर नाचतो. नुसती जड फळी घातली तर ती थरथर पुढे देते. दोन्ही हवं. लोक पाऊण इंची प्लायवूडचा तुकडा आणि त्याखाली माउसपॅड, योगा मॅट नाहीतर मशीनखाली घालायचे रबरी पॅड वापरतात.

आम्ही पोळपाट वापरला. सांगलीहून बॅगेत आलेला, जुना, चांगला जाड लाकडाचा. बाबांनी त्याचे तिन्ही पाय कापले, खाली जुन्या रबरी स्लीपरचे चार तुकडे चिकटवले आणि पंप त्याच्यावर बसवला. आई बाहेर शेकोटीपाशी बसली होती, तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

मुद्दा एकच लक्षात ठेवा. पंपाचा स्क्रू बैठकीतून आरपार जाऊन तळात घुसता कामा नये, नाहीतर सगळा खटाटोप वाया. पंप बैठकीला वेगळे स्क्रू, बैठक तळाला वेगळे स्क्रू, आणि दुसऱ्या जोडीला वरून-खालून रबरी वॉशर. बैठक नुसती ठेवून देऊ नका. ट्रेलर रस्त्यावर जे धक्के खातो त्यात पंप सुटला तर पाईप उखडतील.

पाईपांचं काय करायचं?

खडूच्या खुणा आठवतात ना, त्यांच्याकडे जा. पाईप जिथे लाकडाच्या भोकातून जातो तिथे भोक आणि पाईप यांच्यात फोम खुपसा. पाईपवर चढवायचा काळा फोमचा नळा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मुलांची पोहायची फोमची लांब काठीही कापून चालते. पाईप लोंबकळत असेल तिथे आतून रबर असलेले क्लॅम्प लावा. दोन पाईप एकमेकांवर आपटत असतील तर मध्ये फोम घालून झिप टायने बांधा, पण घट्ट नको.

कंटाळवाणं काम आहे. गुडघ्यावर बसून टॉर्च तोंडात धरून करावं लागतं. पण पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

लवचिक नळ्यांचं "सायलेन्सिंग किट" मिळतं. घ्यावं का?

घ्यावं. पंपाची बैठक कितीही सुधारली तरी दोन्ही तोंडांना ताठ पेक्स जोडलेला असेल तर थरथर त्याच्यातून निसटतेच. किटमध्ये जाळीदार वेष्टनाच्या दोन लवचिक नळ्या असतात, अर्ध्या इंचाच्या, एक आत येणाऱ्या पाण्याला, एक बाहेर जाणाऱ्या. लांबी दीड-दोन फूट हवी. जागा असेल तर नळीला सैलसा वळसा द्या. तो वळसा कप्प्याच्या भिंतीला टेकू देऊ नका, आणि मुरड पडू देऊ नका.

किट न घेता नळी सुटी घेतलीत तर तीन गोष्टी पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेली असावी. बागेच्या नळीचा वास चहाला येतो. बाहेर जाणाऱ्या बाजूची नळी पंपाच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब सोसणारी असावी. आत येणाऱ्या बाजूची आतून जाळी असलेली असावी, नाहीतर पंप ओढताना ती चपटी होते आणि तुम्ही नव्या आवाजाचं कारण शोधत बसता.

बसवताना पंप बंद करा, फ्यूज काढा, नळ उघडून दाब उतरवा, टाकीचं पाणी सोडा किंवा तोटी बंद करा. खाली टॉवेल ठेवा. तरीही पाणी सांडतं.

आटे घट्ट बसावेत म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू का?

पंपाच्या तोंडाला नको. तिथल्या फिरत्या नटाच्या आत रबरी वॉशर किंवा शंकूसारखी बैठक असते, गळती ती थांबवते. टेपचा तुकडा सुटून आत गेला की झडपेत अडकतो. नट हातानेच आवळायचा, पान्याने आवळलात तर प्लॅस्टिकचे आटे जातात.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे काय? तो लावल्याने आवाज कमी होतो का?

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे पंपाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला बसवायची एक छोटी टाकी. आत रबरी पिशवी किंवा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. त्याने दोन गोष्टी होतात. पंपाचे धक्के ती हवा पिऊन टाकते, त्यामुळे पाईपांची थरथर कमी होते. आणि दात घासताना आपण बारीक धार सोडतो तेव्हा पंप जे सेकंदा-सेकंदाला चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, ते थांबतं.

पण विकत घेताना आकाराचा हिशेब करा, दुकानदार तो सांगत नाही. सर्रास मिळणारी छोटी टाकी २४ औंसांची, म्हणजे ७०० मिलिलिटरची असते. ती सगळी पाण्याने भरत नाही. ४० ते ५५ पीएसआय या दोन टोकांमध्ये हवा जेवढी आकसते तेवढंच पाणी हाती लागतं, आणि ते येतं १२० ते १५० मिलिलिटर. म्हणजे चहाचा एक कप. धक्के शोषायला हे पुरेसं आहे. रात्री पंप सुरूच होऊ नये अशी अपेक्षा असेल तर मात्र यातून होणार नाही.

त्यासाठी मोठी टाकी लागते. घरातल्या गिझरला लावतात ती २ गॅलनची एक्स्पान्शन टँक आम्ही लावली. तिच्यातून त्याच दोन टोकांमध्ये साधारण दीड लिटर पाणी मिळतं. ट्रेलरच्या कमोडला एका फ्लशला फारच थोडं पाणी लागतं, त्यामुळे झोपण्याआधी टाकी पूर्ण दाबाला भरली आणि पंपाचा स्विच बंद केला की रात्रीच्या एक-दोन फेऱ्या बिनआवाज होतात. भरलेली टाकी जड होते, तिला भिंतीच्या चौकटीला पट्टीने नीट बांधा.

त्यात हवा किती भरायची?

पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून दोन पीएसआय कमी. आमचा ४०ला सुरू होतो, म्हणून ३८. गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, सायकलचा पंपही चालतो. पण मोजताना पाण्याचा दाब पूर्ण उतरलेला हवा: पंप बंद, नळ उघडा. दाब असताना मोजलंत तर पाण्याचा दाब वाचाल, हवेचा नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा तपासायचं.

त्यापेक्षा सरळ नवा, "स्मार्ट" पंपच घेतला तर?

हे सगळं करून झाल्यावर घ्या. आधी नको. शेजाऱ्यांनी दोनशेच्या वर डॉलर मोजून वेग बदलणारा पंप घेतला आणि जुन्याच जागी, जुन्याच स्क्रूंनी तसाच आवळला. आवाज वेगळा झाला, कमी झाला नाही.

हे पंप वाईट नाहीत. नळ थोडा सोडला की हळू फिरतात, जास्त सोडला की जोरात, त्यामुळे चालू-बंदची कटकट नसते आणि शॉवरची धार एकसारखी येते. त्यांना अ‍ॅक्युम्युलेटर लावायचा नसतो. दाबावर नजर ठेवून वेग ठरवणाऱ्या यंत्रणेचा त्याने गोंधळ होतो. करंट मात्र जास्त ओढतात, तेव्हा वायर आणि फ्यूज त्या पंपाच्या पत्रकाप्रमाणे आहेत ना ते बघा.

पंप फोमच्या खोक्यात बंद करून टाकला तर?

पूर्ण बंद करू नका. मोटर तापते, तिला हवा लागते. पलंगाखाली पंपाभोवती उशा-दुलया कोंबणारे लोक मी पाहिलेत. तेही नको. कप्प्याच्या आतल्या बाजूंना आणि झाकणाला जाड कार्पेट किंवा ध्वनिरोधासाठी मिळणारी जड व्हिनाइलची शीट लावा, पंपाभोवती मोकळी जागा ठेवा. अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम इथे बिनकामाचा आहे. तो खोलीतला प्रतिध्वनी मारतो, खालून येणारी घरघर त्याला जुमानत नाही.

पंपाचा दाब कमी केला तर आवाज कमी होईल ना?

थोडा होतो. प्रेशर स्विचवर बारीक स्क्रू असतो. पण दाब मोजायचा गेज नसेल तर त्याला हात लावू नका. चुकीचा फिरला तर पंप थांबतच नाही.

कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडल्यावरही पंप लागतो का?

नाही, स्विच बंद ठेवा. बाहेरचा दाबच पुरतो. उलट तो जास्त असू शकतो, म्हणून ४५-५० पीएसआयचा रेग्युलेटर लावा. पंपाचा त्रास होतो तो जिथे नळ-वीज काहीच नाही तिथे: नॅशनल पार्कांच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये, आणि बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं. युटात रात्री अशी शांतता असते की आपल्याच कानात रक्त वाहिल्यासारखं वाटतं. त्यात दोन वाजता पंप सुरू झाला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

शेजारच्यांना त्रास होईल का? शांततेचे नियम पंपालाही लागतात का?

नॅशनल पार्कांमध्ये रात्री १० ते सकाळी ६ अवाजवी आवाज चालत नाही, पण तो नियम जनरेटर, गाणी आणि गप्पांसाठी. ट्रेलरच्या पंपाचा आवाज वीस फुटांवर जेमतेम पोचतो. त्रास होतो तो घरच्यांना.

कमी पाण्याचा शॉवर लावल्यावर आवाज जास्त का झाला?

पंप ११ लिटर द्यायला बसलाय आणि शॉवर घेतोय निम्मं. दाब पटकन चढतो, पंप थांबतो, पुन्हा सुरू होतो. अ‍ॅक्युम्युलेटर याचाच उपाय. तो नसेल तर शॉवर पूर्ण सोडून अंग भिजवायचं, बंद करायचा, साबण लावायचा, पुन्हा पूर्ण सोडायचा. बादली-मगवर वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

या बदलांमुळे हिवाळ्यात काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि कोलोरॅडोसारख्या ठिकाणी हे विसरलात तर वसंतात सगळं पुन्हा विकत घ्याल. लवचिक नळ्यांच्या वळशांत पाणी साचून राहतं, ते आपोआप निघत नाही. टाकी रिकामी केल्यावर पंप काही सेकंद कोरडा चालवून आतलं पाणी काढा. डायफ्रॅम पंपाला एवढ्याने काही होत नाही. गाळणीची वाटी उघडून रिकामी करा, गोठून फुटणारी पहिली वस्तू तीच असते. अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब पूर्ण उतरवून पाणी काढा. मग पिण्याच्या पाण्याच्या पाईपांसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ पंपाने ओढून प्रत्येक नळातून, गरम आणि थंड दोन्हीकडून, गुलाबी धार येईपर्यंत सोडा. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ चुकूनही नको, ते विषारी असतं.

खर्च किती, आणि आधी काय करू?

स्क्रू सैल करणं आणि खडूच्या खुणा, फुकट. फोम आणि क्लॅम्प पंधरा-वीस डॉलरांत. लवचिक नळ्यांचं किट साधारण पंचवीस-तीस. अ‍ॅक्युम्युलेटर पन्नासच्या आसपास. याच क्रमाने जा, आणि प्रत्येक पायरीनंतर एक रात्र झोपून बघा. आम्हाला तिसऱ्या पायरीलाच पुरेसं झालं होतं. मोठी टाकी बाबांच्या हौसेखातर लावली.

फोनवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप आकड्यासाठी विश्वासाचं नाही, पण आधी आणि नंतरचा फरक बघायला चालतं. फोन दोन्ही वेळा त्याच उशीवर ठेवा.

ट्रेलर वॉरंटीत आहे. मीच उघडलं तर?

आधी डीलरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. स्क्रू काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

भारतातल्या कॅम्पर व्हॅनला हे सगळं लागू होतं का?

हो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता पुण्या-मुंबईकडे हौसेने गाड्या बांधून घेणारेही आहेत. आतला पंप तोच १२ व्होल्टचा असतो. उलट तिथे फायदा असा की गाडी तुमच्यासमोर बांधली जाते, तेव्हा पंपाखाली रबर आणि दोन्ही बाजूंना लवचिक नळी सुरुवातीलाच मागून घ्या. फ्लॅटच्या गच्चीवरचा प्रेशर पंप मात्र वेगळा, २३० व्होल्टचा. त्याचे उपाय इथून उचलू नका.

हे सगळं करायला अजून वेळ नाही. आज रात्री काय करू?

तांब्या भरून बेसिनशेजारी ठेवा आणि कमोडजवळ एक भरलेला जग. पंपाचा स्विच बंद. आईने पहिल्याच रात्री कुणाला न विचारता हे केलं होतं.

आता आवाज अजिबात येत नाही का?

येतो. उशीवर डोकं असलं तर लांब कुणीतरी मिक्सर लावल्यासारखा, दार बंद केलेल्या घरात. मुलं आता त्याने उठत नाहीत.

आणि पोळपाट?

तो अजून पंपाखालीच आहे. डेन्व्हरमधल्या भारतीय दुकानातून आईला नवा आणून दिला, तो हलका आहे आणि लाटताना सरकतो, त्यामुळे तिने त्याच्याखालीही स्लीपरचे तुकडे लावून घेतले.